प्लँचेटमध्ये अनोळखी ‘कुणी’ येतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

“मॅडम, जो येतो तो चांगला आहे की वाईट, हे ओळखायचं कसं?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बऱ्याचदा शिकलेली, नोकरी केलेली असतात. कुणाच्या घरी प्लँचेट होतं, कुणाच्या जावेच्या अंगात येतं, कुणाला स्वप्नात रोज एकच अनोळखी साधू दिसतो. आत्मा असतो की नसतो, या वादासाठी ती आलेली नसतात. कुणीतरी त्यांना काहीतरी करायला सांगितलेलं असतं आणि ते करावं की नाही, याची धास्ती मनात असते. मालतीताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालतीताई डोंबिवलीच्या, मूळ गाव सिंधुदुर्गात. यजमान झोपेतच हृदयविकाराने गेले. निरोपाचं एक वाक्यही बोलायला मिळालं नाही, हे त्यांना सारखं खात होतं. नणंद म्हणाली, “वहिनी, प्लँचेट करून बघूया, दादा बोलेल.” कार्डशीटवर गोलाकार अक्षरं लिहिली, मधे स्टीलची वाटी उपडी ठेवली. दोघी आणि शेजारची एक मैत्रीण, तिघींनी वाटीवर एकेक बोट टेकवलं. वाटी सरकली आणि दादा ‘आले’. गॅसचा नंबर लाव, पोरीला ओरडू नकोस, असं घरगुती बोलले. मालतीताईंना कित्येक दिवसांनी झोप लागली.

मग एका रात्री दादांच्या जागी दुसराच कुणीतरी आला. तीनशे वर्षांपूर्वीचा सिद्धपुरुष आहे म्हणाला. हरवलेली विम्याची पावती कपाटात आहे, भाच्याला नोकरी लागेल, या त्याच्या दोन गोष्टी खऱ्या ठरल्या. त्यानंतर त्याचा सूर बदलला. बीपीची गोळी बंद कर. एफडी मोड. मुलीला यातलं काही सांगायचं नाही.

गोळी बंद करून आठवडा झाला होता. त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी त्यांच्यासमोर त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि संध्याकाळीच त्यांना तपासायला पाठवलं. बीपीची गोळी मनाने बंद केली तर कुठलंही लक्षण न दिसता रक्तदाब चढू शकतो. तिथे श्रद्धेचा मान राखत थांबणं मला मंजूर नाही.

पुढच्या भेटीत मात्र “हे सगळं थोतांड आहे” असं मी म्हटलं नाही. तसं म्हटलं की माणूस उठून जातो, आणि मग मन मोकळं करायला त्याच्याजवळ तो पाहुणाच उरतो. मी त्यांना एवढंच विचारलं, “दाराशी अनोळखी माणूस आला, त्याने मोठ्या घराण्याचं नाव सांगितलं आणि तुमच्याबद्दलच्या दोन गोष्टी बरोबर सांगितल्या, तर लगेच तिजोरीची किल्ली द्याल?”

प्लँचेटमधलं सगळं त्या एका वहीत उतरवून ठेवत. ती वही मागवली आणि पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. जिथे हुकूम आहे त्याखाली रेघ ओढायची, आणि जिथे ‘कुणाला सांगू नकोस’ आहे तिथे फुली. दादांच्या पानांवर रेघा नव्हत्याच. सिद्धपुरुषाच्या पहिल्या पानावर एखादी होती, शेवटच्या पानांवर जवळजवळ प्रत्येक ओळीखाली. मालतीताई वही मिटून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गावी देवळात कौल लावतात, तो सगळ्यांसमोर. गुरव गाऱ्हाणं घालतो ते सगळे ऐकतात. हा मात्र दार लावून घ्यायला सांगतो.”

हे त्यांना आपणहून सुचलं, म्हणून त्याचं मोल मोठं. कौलाच्या पाकळ्या उजवीकडे पडोत की डावीकडे, प्रश्न चारचौघांत विचारलेला असतो आणि शंका राहिली तर पुन्हा विचारता येतो. ज्या परंपरा अशा संवादावर मनापासून विश्वास ठेवतात, त्यांनीही पारखायचे नियम घालून दिलेत. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शिक्षक अ‍ॅलन कार्डेक यांना मानणारे ब्राझीलमध्ये आजही लाखोंनी आहेत. त्यांची शिकवण अशी, की आत्म्याने सांगितलेल्या थोर नावावर जाऊ नका, त्याची भाषा आणि सल्ला तपासा. चांगला आत्मा हुकूम सोडत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथातही ‘प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या’ असं बजावलेलं आहे. मी स्वतः आत्म्यांशी संवाद होतो असं मानत नाही, आणि विचारलं तर तसं स्पष्ट सांगते. पण मानणाऱ्यानेही हुकूम, घाई, गुपित, पैसा आणि औषध बंद करायला लावणं यांपैकी काहीही दिसलं की तिथेच थांबावं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होऊ शकतं.

“पण मग वाटी हलते कशी? आम्ही कुणीच ढकलत नव्हतो,” त्यांनी विचारलं. हे खरंच होतं, कुणी लबाडी करत नव्हतं. 1853 मध्ये लंडनला मायकेल फॅरेडे यांनी फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की जोर बसलेल्यांच्या हातांचाच असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत तिकडे झुकतात. मालतीताईंना हे करून बघायचं होतं. त्यांनी मुलीला विश्वासात घेतलं. तिघींचे डोळे बांधले, मुलीने कार्डशीट फिरवून ठेवली आणि वाटी कुठे थांबते ते लिहून घेतलं. निघाली ती नुसती अक्षरांची गिचमिड. शीट मूळ जागी फिरवून पाहिली तेव्हा तुटक का होईना, शब्द लागले. वाटी अक्षरांच्या जुन्या जागा शोधत होती.

पुढच्या भेटीत आल्या त्या रडतच. “म्हणजे हेही नव्हते?”

या वळणाची मला कल्पना होती आणि भीतीही. पाहुणा खोटा ठरला की त्याच्याबरोबर नवराही दुसऱ्यांदा जातो. मी त्यांना वेल्समधल्या डॉक्टर रीस यांच्या 1971 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. जोडीदार गमावलेल्या 293 जणांशी ते बोलले होते. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं अस्तित्व कोणत्या ना कोणत्या रूपात जाणवलं होतं, काहींना आवाजही ऐकू आला होता, आणि कित्येकांनी हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. हा वेडेपणा नाही. “गॅसचा नंबर लाव” हे त्यांचंच वाक्य, तीस वर्षं तुमच्या कानांत साठलेलं. ते ऐकायला वाटीची गरज नाही आणि त्यासाठी कुणाची परवानगीही नको. मग आम्ही त्या न झालेल्या निरोपाकडे वळलो. त्यांनी यजमानांना पत्रं लिहिली, त्यात रागही होता: छातीत दुखत होतं तर सांगितलं का नाही?

सिद्धपुरुष कुठून आला, हेही हळूहळू उलगडलं. तिघींनाही पैशांची काळजी होती. एफडी मोडायचा विषय दिवसा घरात निघायचा आणि अर्धवट राहायचा. नणंदेला मी दोष देत नाही. तिचाही भाऊच गेला होता. आता ते बोलणं मुलीसमोर, बँकेची कागदपत्रं घेऊन होतं.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. प्लँचेट बंद असतानाही आवाज ऐकू येतो, तो धमकावतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो, रात्रीमागून रात्री झोप लागत नाही, असं असेल तर आवाजाची परीक्षा घेत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आणि अंगात शक्ती असल्याचं भासवून कुणी जिवंत माणूस भीती घालत असेल, पैसे उकळत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार द्यायला एकट्याने जायला धीर होत नसेल तर घरातल्या एखाद्याला बरोबर घ्या, आणि तोवर पैसे देऊ नका, औषधही थांबवू नका.