विवरणपत्रातील चूक आणि त्यानंतरचे काम

तुम्ही लिहिले आहे की लेखा विभागात रुजू होऊन तुम्हाला अजून वर्षही झालेले नाही. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे जीएसटी विवरणपत्र, भरताना एका ग्राहकाचे बिल जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या फर्मच्या जीएसटी क्रमांकावर दाखवले गेले, ग्राहकाने पैसे अडवून धरले, साहेबांनी सर्वांसमोर सुनावले, आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद तीन-तीनदा तपासूनही धास्ती जात नाही व काम रेंगाळते. या चुकीतून शिकायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा तुमचा प्रश्न आहे. हिशेबाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि नव्या मुलामुलींना तयार करण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तीन-तीनदा तपासल्याने तुम्ही फार काही शिकाल, असे मला वाटत नाही. ज्या नजरेतून चूक एकदा सुटली त्याच नजरेने, त्याच पडद्यावर आणि त्याच क्रमाने पुन्हा पाहिले तर ती बहुधा पुन्हा सुटते, कारण दुसऱ्या खेपेला आपण काय लिहिले आहे ते वाचण्याऐवजी काय लिहायचे होते तेच वाचत असतो. आधी चूक कोणत्या जातीची आहे हे ठरवावे लागते. पूर्वी तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे व जमा बाकींची यादी, जुळली नाही तर जाणते लेखनिक लगेच सगळी खतावणी, म्हणजे खात्यांची वही, उपसायला बसत नसत. ते आधी फरकाची रक्कम पाहत. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेत, म्हणजे ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले की ९०० चा फरक पडतो. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम एखाद्या खात्यात दिसली तर ती नावे बाजूऐवजी जमा बाजूला गेली आहे का, हे पाहत. चुकीचा माग तिच्या खुणेवरून काढायचा, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती.

आज संगणक दोन्ही बाजू एकदमच लिहितो, त्यामुळे तेरीज नेहमी जुळलेलीच असते आणि तिच्या जुळण्यावरून नोंदी बरोबर आहेत असे मुळीच म्हणता येत नाही. नव्या यंत्राची खरेदी दुरुस्ती खर्चात टाकली तरी तेरीज जुळते, आणि एका फर्मचे बिल दुसऱ्या फर्मच्या खात्यावर टाकले तरीही जुळते. तुमची चूक याच जातीची आहे. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरे व अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, त्यापुढची दहा अक्षरे पॅनची, आणि शेवटचे चिन्ह पडताळणीसाठी असते. क्रमांक टंकताना एखादे अक्षर चुकले असते तर पोर्टलने तो बहुधा नाकारलाच असता. तुम्ही मात्र ग्राहकांच्या यादीतून पूर्णपणे वैध, पण दुसऱ्याचा क्रमांक निवडलात, म्हणून कोणत्याही यंत्राने तुम्हाला अडवले नाही. तेव्हा आकडे तीनदा तपासून या चुकीला आळा बसणार नाही. यादीतच त्या दोन फर्मच्या नावांपुढे गावाचे नाव किंवा पॅनचे शेवटचे चार वर्ण जोडा. विवरणपत्र भरण्यापूर्वी ग्राहकाच्या खरेदी आदेशावरील क्रमांक आणि तुमच्या यादीतील क्रमांक समोरासमोर ठेवून जुळवा, आणि ही जुळणी शक्यतो बिले न करणाऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्या. महिन्याची जीएसटीआर-१ भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला संपते; ही तपासणी १० तारखेच्या रात्री घाईघाईने करण्यापेक्षा ५-६ तारखेलाच उरकावी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. चूक लक्षात येताच ती झाकण्याचा मोह होतो, आणि आमच्या क्षेत्रात त्याइतके घातक काही नाही. वहीत चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची किंवा पांढऱ्या शाईने झाकायची नाही, खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करायची, हा जुना दंडक आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग तारखेसह नोंदवला जाणे आणि ती सोय बंद करता न येणे कायद्यानेच बंधनकारक झाले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. जीएसटीचेही तेच आहे. भरलेली जीएसटीआर-१ मागे घेता येत नाही. ग्राहकाचा क्रमांक चुकला असेल तर पुढील महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्तीच्या तक्त्यात मूळ बिलाचा उल्लेख करून तो बदलावा लागतो, आणि त्यालाही मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याची तारीख, यांपैकी जे आधी येईल ते.

म्हणून एक साधी वही ठेवा. तीत चूक काय झाली, ती कोणी आणि कशामुळे पकडली आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदलले, एवढेच लिहा. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्या वहीत येऊ देऊ नका, कारण त्याने काहीच कळत नाही. 'ग्राहकांच्या यादीत दोन सारखी नावे लागोपाठ होती' असे लिहिले तर पुढे काय करायचे ते आपोआप दिसते. काही महिन्यांनी ती वही चाळली म्हणजे आपल्या हातून कोणत्या जातीच्या चुका वारंवार होतात ते ध्यानात येते. कोणाच्या सगळ्या चुका मुदतीच्या आदल्या दिवशीच्या असतात, तर कोणाच्या फक्त क्रेडिट नोटमध्ये, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदात.

सर्वांसमोर सुनावणे मला योग्य वाटत नाही. ज्या कार्यालयात चूक सांगणाऱ्याची फजिती होते तिथे पुढची चूक साहेबांपर्यंत पोहोचतच नाही, ती थेट नोटिशीतून कळते. तुमच्या साहेबांचा स्वभाव तुम्हाला बदलता येणार नाही, पण त्यांच्यापुढे जाताना चूक, तिचे कारण आणि केलेली व्यवस्था असे तिन्ही एका कागदावर घेऊन जाता येईल. माझा अनुभव असा की अशा वेळी बहुतेक वरिष्ठांचा आवाज खाली येतो आणि बोलणे कामाच्या बाबीवर राहते.

सध्याचे काम मात्र अजून बाकी आहे. १ जानेवारी २०२२ पासून जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून खरेदीदारासाठी तयार होणाऱ्या पत्रकात, बिल दिसल्याशिवाय खरेदीदाराला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, त्यामुळे तुमच्या ग्राहकाने पैसे अडवण्यात हट्ट नाही, अडचण आहे. त्याला आजच लेखी कळवा की दुरुस्ती कोणत्या महिन्याच्या विवरणपत्रात जाईल, आणि तोपर्यंत निदान कराची रक्कम वगळून उरलेले पैसे देण्याची विनंती करा. ज्या दुसऱ्या फर्मच्या नावावर हे क्रेडिट चुकून दिसते आहे, तिच्या लेखापालालाही ते न घेण्याविषयी कळवा. ही गोष्ट हमखास राहून जाते. दुरुस्ती भरल्यानंतर त्या महिन्याची २बी १४ तारखेला तयार होते. ती आली की दोघांनाही फोन करून बिल कोणाच्या नावावर दिसते आहे ते विचारा, आणि उत्तर वहीत त्याच नोंदीखाली लिहून ठेवा.