दुधाच्या कॅनचा स्टँड

प्रश्न : दादा, आमच्याकडचा वेल्डिंगवाला माझ्या गाडीला दुधाच्या दोन कॅनचा स्टँड बनवायचे 1800 रुपये सांगतो. मोबाइलवर तसाच 1200ला दिसतो. भाव पाडून घेऊ का?
– एक दूधवाला, अमळनेर तालुका

उत्तर : नका पाडू, भाऊ. 20 लिटरच्या दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच 41 किलोच्या आसपास. ते सगळं वजन वेल्डिंगच्या चार टाक्यांवर लटकतं, आणि तुमचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या गाडीचं साडीगार्ड मी धुळ्यात बनवून घेतलं. (मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, हा 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम.) भर मे महिना, पत्र्याची शेड. तिथल्या वेल्डिंगवाल्याने आधी नुसते टाके मारले, माझ्या बायकोला मागे बसवलं, पाय सायलेन्सरला लागतो का ते वाकून पाहिलं. लागत होता. टाके तोडले, पट्टी दोन बोटं मागे घेतली, मग पक्कं वेल्डिंग केलं आणि कडा ग्राइंडरने घासून त्यावर स्वतःचा तळवा फिरवला. हे काम पार्सलच्या खोक्यात येत नाही.

भाव जास्त वाटला तर पाइप, रॉड, रंग, मजुरी असा हिशेब मोकळेपणाने विचारा. सूट मागण्यापेक्षा जाड पाइप मागा. पाइपाचे पैसे आधी द्या, त्यालाही दुकानात रोखच मोजावे लागतात. आणि बाकीचे दुधाचा पगार होईपर्यंत लटकवू नका. टाका सुटला तर त्याच्याच दारात गाडी उभी करायची आहे.