पन्नासची लेन्स, पण हलकी

प्रश्न: माझ्याकडे लायका एम ६ हा फिल्मचा कॅमेरा आणि त्यावर पन्नास मिलिमीटरची सुमिलक्स लेन्स (एफ/१.४; हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त; अ‍ॅस्फेरिकल, चंदेरी) आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) टिपायला रात्रभर राजवाड्यापाशी उभी असते, एरवी सराफ्यात फिरते. फिल्म ४०० आयएसओची (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचा आकडा), कृष्णधवल. आता मानेचं दुखणं सुरू झालंय आणि डॉक्टर म्हणतात, गळ्यात वजन नको. हलकी स्टँडर्ड लेन्स कोणती घ्यावी? आणि एफ/१.४ सोडली तर रात्रीचे फोटो हातचे जातील का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, आधी तुमच्या गळ्यात काय लटकतंय ते पाहू. एम ६ ची बॉडी साधारण ५६० ग्रॅम. तुमची चंदेरी सुमिलक्स ४६०. म्हणजे फिल्म आणि पट्टा धरायच्या आधीच किलोच्या वर. यातली गंमत अशी की हीच लेन्स काळ्या रंगात ३३५ ग्रॅम भरते. काच तीच, फक्त काळीची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि चंदेरीची पितळेची. सव्वाशे ग्रॅम निव्वळ पितळ तुम्ही रात्रभर मानेवर वागवताय! तेव्हा पुढे काहीही घ्या, चंदेरी घेऊ नका.

आता प्रकाशाचं. सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर हल्ली एवढे एलईडी असतात की ४०० च्या फिल्मवर एफ/२ ला १/६० सेकंदाचा शटर सहज मिळतो. झांक्या तर दिव्यांनीच मढवलेल्या असतात, तिथे उलट एक्स्पोजर कमी करावं लागतं. तुमच्या एम ६ सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात हलणारा आरसा नाही, धक्का बसत नाही, त्यामुळे भिंतीला टेकून १/३० लाही हात टिकतो. तरी अंधार वाटला तर फिल्म १६०० ला पुश करा, म्हणजे १६०० ची समजून फोटो काढा आणि डेव्हलप करताना वेळ वाढवा. एचपी ५ आणि ट्राय-एक्स या ४०० च्या दोन्ही फिल्मना ते पचतं; दाणा वाढेल, पण रात्रीच्या कृष्णधवल फोटोत थोडा दाणा मला तरी आवडतोच. एफ/१.४ खरी लागते ती झांकीच्या मागच्या बाजूला, जिथे कारागीर अंधारात चहा पीत बसतात. तिथेही हातभर अंतरावर १.४ ला डोळा शार्प आणि नाक पुसट, असं होतं. दुकानदार मात्र सगळ्यांना सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरचीच लेन्स दाखवणार, कारण किंमतही तिचीच मोठी.

माझी शिफारस स्पष्ट सांगतो: फोइग्टलेंडरची पन्नासची कलर-स्कोपार, एफ/२.२, एम माउंटची, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर थेट बसणारी. वजन फक्त १३५ ग्रॅम. काळी सुमिक्रॉन एफ/२ उत्तमच आहे, पण ती २४० ग्रॅमची. झाइसची प्लानार एफ/२ सुद्धा वजनाला तशीच, २३० ची. दोन आणि दोन पूर्णांक दोन यांत जेमतेम पाव स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). त्यासाठी शंभर ग्रॅम वागवायचे का? मी नाही वागवणार. शिवाय लेन्स आखूड असली की व्ह्यूफाइंडरचा उजवा खालचा कोपरा मोकळा राहतो. सुमिलक्सचं हूड बाहेर काढलं की तिथे काय झाकलं जातं, हे तुम्हाला माहीतच आहे.

लायकाचीच हवी असेल तर आत सरकणारी एल्मार-एम, एफ/२.८, काळी १७० ग्रॅमची. दिवसा कृष्णपुरा छत्र्यांवर फिरायला झकास. पण रात्रीच्या गर्दीत ती बाहेर ओढून, फिरवून पक्की करायला विसरलात की आख्खा रोल धूसर. फोइग्टलेंडरची चाळीसची नोक्टन एफ/१.४ १७५ ग्रॅमची आहे आणि अ‍ॅपर्चरही राखते. मात्र एम ६ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चाळीसची चौकट (फोटोत किती येईल ते दाखवणारी) नाही. पन्नासची चौकट येते आणि प्रत्यक्षात फोटोत तिच्याबाहेरचंही बरंच काही येतं. झांकीत कडेला कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात नको असेल, तर ही भानगड टाळा.

स्वस्तात रशियन ज्युपिटर-८ कुणी देऊ केली तर घाई नको. वजनाला हलकी आहे, पण पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, जवळच्या अंतरावर तिचा फोकस लायकाच्या रेंजफाइंडरशी (फोकस जुळवायच्या यंत्रणेशी) नेहमी जुळतोच असं नाही. कुठलीही जुनी लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. गोड बोलून परत ठेवा. लेन्स घरी आली की टेबलावर वर्तमानपत्र तिरकं पसरा, मीटरभरावरून एका मथळ्यावर फोकस करून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला दोन-तीन फ्रेम घ्या. मथळ्याऐवजी त्याच्या खालची ओळ ठसठशीत आली, तर लेन्स किंवा रेंजफाइंडर दुरुस्तीला द्यायला हवा.

सुमिलक्स विकू नका. घरातल्या मैफलीला, खुर्चीत बसून, तिचं वजन मानेवर येत नाही. आणि तिच्यावरचं ४६ मिलिमीटरचं पिवळं फिल्टर सुमिक्रॉनवर किंवा एल्मारवर बसणार नाही, त्यांना ३९ चं लागतं; कलर-स्कोपार घेतलीत तर तिच्या मापाचं फिल्टर त्याच दुकानात लावून बघून घ्या.