प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांचा खर्च आणि फायदा तोलणारं पहिलं मॉडेल करताय?

विषय चांगला घेतलात, बिनधास्त सुरू करा. एक्सेल पुरे आहे. अवस्था तीनच घ्या: आजार आटोक्यात, आजार वाढलेला, मृत्यू. पहिली तुलना वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आणि दर तीन महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन यांची करा. एकीकडे खर्च एकदाच, दुसरीकडे वर्षानुवर्षं.

नवखे हमखास अडकतात ते इथं. समजा, पाच वर्षांत ४० टक्के मृत्यू. मग ६० महिन्यांनी भागून महिन्याला ०.६७ टक्के धरतात. शीट चालवून बघा, पाच वर्षांनी मृत्यू ३३ टक्केच भरतात! वाचलेल्या ०.६ चं साठावं मूळ काढून १ मधून वजा करा, ०.८५ टक्के येईल.

आणखी दोन गोष्टी:
- खर्च आणि क्वॉली (QALY, म्हणजे तब्येतीच्या दर्जानुसार मोजलेली आयुष्याची वर्षं), दोन्हींना वर्षाला ३ टक्के डिस्काउंट लावा, म्हणजे पुढच्या वर्षांचं मोल आजच्या हिशेबात तेवढं कमी धरा. नुसत्या खर्चाला नको.
- चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्या पेशंटचं एसटीचं भाडं, सोबतच्या मुलाची बुडालेली मजुरी वेगळ्या ओळीत मांडा. माझ्या पहिल्या मॉडेलात हे राहिलं होतं, त्याची रुखरुख अजून आहे.

सिम्युलेशनच्या मागं इतक्यात लागू नका. आज कागदावर तीन अवस्थांचे तीन चौकोन काढा, बाण जोडा आणि दाखवा.