मदरबोर्ड बदलल्यावर विंडोजचा परवाना कसा टिकवावा?

प्रश्न : खानापुरात माझे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि मराठी-कन्नड अर्ज मी टाइप करून देतो. पावसाळ्यात वीज ये-जा करत असताना संगणकाचा मदरबोर्ड जळाला. बेळगावहून नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बसवून आणला. हार्डडिस्क जुनीच आहे. तेव्हापासून पडद्यावर उजवीकडे खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे दिसतात. विंडोज ११ प्रो मी पैसे मोजून घेतले होते. दुरुस्ती करणारे म्हणतात, ‘क्रॅक (परवान्याशिवाय विंडोज चालवणारे बेकायदा सॉफ्टवेअर) टाकून देतो.’ परवाना पुन्हा विकत घ्यावा लागेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नवा परवाना घेण्याची घाई करू नये. विंडोज सक्रिय होताना सुट्या भागांवरून संगणकाची एक ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवली जाते आणि तिच्यात सर्वाधिक महत्त्व मदरबोर्डला असते. त्यामुळे रॅम बदलल्याने सहसा काही बिघडत नाही, पण मदरबोर्ड बदलला की तोच संगणक परका ठरतो.

यापुढचे सारे परवाना कसा घेतला होता यावर अवलंबून आहे. स्वतंत्रपणे घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, मात्र तो एका वेळी एकाच यंत्रावर चालवावा लागतो. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो. प्रकार पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत) एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरे, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागून डी-एल-आय असे टाइप करावे. उघडणाऱ्या चौकटीत रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम (संस्थांना अनेक संगणकांसाठी दिलेला) हे कळते. तरी केवळ त्यावर विसंबू नये, कारण विंडोज ७ वरून फुकट वर आणलेल्या संगणकावरही तेथे रिटेल दिसू शकते. खरेदीची पावती किंवा ईमेल शोधून ठेवावा.

परवाना रिटेल असेल आणि मदरबोर्ड जळण्यापूर्वीच तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर त्याच खात्याने प्रवेश करून सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन या वाटेने ट्रबलशूट निवडावे आणि हार्डवेअर नुकतेच बदलल्याचा पर्याय घ्यावा. यादीतून आपला संगणक निवडला की काम होते. खाते जोडलेले नसेल, तर त्याच पानावर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की भरावी. तीही नाकारली गेली, तर पावती हाताशी ठेवून मायक्रोसॉफ्टच्या ग्राहक साहाय्याकडे जावे. ही प्रॉडक्ट की प्रो आवृत्तीचीच हवी, होम आवृत्तीची चालत नाही.

क्रॅक मात्र कृपया टाकू देऊ नका. आपल्या संगणकावर गिऱ्हाइकांची आधार कार्डे आणि परीक्षेपूर्वीच्या प्रश्नपत्रिका असतात, शिवाय दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. क्रॅकसोबत येणारा व्हायरस त्या सर्वांच्या घरी पोहोचेल. हार्डडिस्क फॉर्मॅट करण्याचीही येथे गरज नाही. मराठी फॉन्ट, कन्नड टायपिंगचे नुडी हे सॉफ्टवेअर आणि पत्रिकांच्या जुन्या फायली तिच्यावर जशाच्या तशा आहेत. तरी काही करण्यापूर्वी त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. टायपिंगच्या एखाद्या सॉफ्टवेअरला यूएसबीचा हार्डवेअर लॉक असेल, तर त्याचा परवाना त्या लॉकमध्येच असतो. मदरबोर्ड बदलल्याने तो जात नाही.