माल दुबईमार्गे गेला म्हणून दुबईचा होत नाही

अमेरिकेच्या टॅरिफचे (आयात कराचे) रामायण सुरू झाल्यापासून निर्यातदारांची पत्रे वाढली, प्रश्न मात्र तेच आहेत. एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढून द्यायला एजंट बारा हजार मागतो. देऊ का? (अहिल्यानगर)

नको. सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करा, काही बदल नसला तरी. नाहीतर कोड बंद पडतो.

ब्रिटनशी करार झाला. तयार कपड्यांचा भाव शून्य ड्युटी धरून देऊ का? (इचलकरंजी)

करारावर सही २४ जुलै २०२५ ला झाली. सही होणे वेगळे, लागू होणे वेगळे. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या ईएफटीए गटाशी करार १० मार्च २०२४ ला झाला आणि लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. माल तिथल्या कस्टममधून सुटेल त्या दिवशी करार लागू आहे का, तुमचा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) सवलतीच्या यादीत आहे का आणि ओरिजिनच्या (माल कोणत्या देशाचा, याच्या) अटी पूर्ण होतात का, हे तुमच्या सीएचएकडून (कस्टम एजंटाकडून) आणि ग्राहकाच्या ब्रोकरकडून लेखी घ्या. शिवाय ड्युटी ग्राहकाची वाचते, तुमची नाही. तिच्या नावाखाली आधीच डिस्काउंट मागणारे बरेच आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागले, तेव्हापासून दुबईतला ओळखीचा मागे लागला आहे. टॉवेल जेबेल अलीला (दुबईच्या बंदराला) पाठवा, लेबल आणि खोकी बदलून अमेरिकेला पाठवतो, यूएईवर तेव्हा १० टक्केच लागले, आणि सीईपीएमुळे (भारत-यूएई व्यापार करारामुळे) हे कायदेशीर आहे म्हणे. (सोलापूर)

‘म्हणे’वर कंटेनर पाठवू नका. १ मे २०२२ पासून लागू असलेला सीईपीए भारत आणि यूएई या दोघांपुरता आहे. त्याचे सर्टिफिकेट दुबईच्या कस्टमला दाखवायचे असते. अमेरिकेत त्याला कोणी विचारत नाही.

टॉवेलचा देश ठरवताना अमेरिकेचे कस्टम कापड कुठे विणले ते पाहते. सोलापूरच्या मागावर विणलेला टॉवेल दुबईत खोक्यात भरला, तिथे कडा शिवल्या, तरी तो भारताचाच. टॅरिफचे आकडे खालीवर होत राहतात, हा नियम त्यांच्याबरोबर हलत नाही. उलट ३१ जुलै २०२५ च्या अमेरिकी आदेशातच अशा वळवलेल्या मालावर ४० टक्के आणि वर दंड लिहिला होता. म्हणजे ही युक्ती तुमच्या ओळखीच्याच्या आधी त्यांना सुचली होती.

पकडतील कसे, असेही तुम्ही विचारले आहे. न्हावा शेवाचे शिपिंग बिल, जेबेल अलीपर्यंतचे बिल ऑफ लेडिंग, तिथून निघालेला तितक्याच वजनाचा माल: कागद समोरासमोर ठेवले की झाले. यूएईत टॉवेलचे माग किती, हेही त्यांना ठाऊक असते. नोटीस आधी अमेरिकेतल्या आयातदाराला येते. तो तुमचे पैसे अडवतो आणि ईमेल काढून तुमच्याकडे बोट दाखवतो. दुबईवाल्याचे कमिशन तोवर वसूल झालेले असते.

कापड खरोखरच दुसऱ्या देशात विणून घ्यायचे असेल तर तो रास्त धंदा आहे. पण आधी आयातदाराला अमेरिकी कस्टमकडून ओरिजिनबद्दल आगाऊ लेखी निर्णय घ्यायला सांगा. त्याला फी नाही. सोबत तिथल्या कस्टम वकिलाचा सल्ला घ्या. आणि हे ऑर्डर घेण्यापूर्वी. माल समुद्रात असताना मला पत्र लिहून उपयोग नसतो.

ग्राहक एफओबीऐवजी (माल जहाजावर चढेपर्यंतच आपली जबाबदारी) डीडीपी मागतो. हरकत आहे का? (पिंपरी-चिंचवड)

मोठी हरकत आहे. डीडीपीत तिथली ड्युटी आणि कस्टम क्लिअरन्स तुमच्या गळ्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफचा दर ७ तारखेपासून २५ टक्के होता आणि २७ तारखेपासून ५०. जहाजाला पोचायला त्याहून जास्त दिवस लागतात. वाढलेली ड्युटी ईसीजीसीच्या (सरकारी निर्यात विमा कंपनीच्या) पॉलिसीतून निघेल असे धरू नका. ती ग्राहकाने पैसे बुडवले वगैरे जोखमींसाठी असते; नेमके काय कव्हर आहे ते शाखेत जाऊन विचारा. एफओबी जमत नसेल तर टॅरिफ वाढल्यास कोण भरणार हे करारात लिहून घ्या. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

डब्ल्यूटीओकडे तक्रार करता येईल का? (नाशिक)

तुम्हाला नाही, सरकारला येते. तिथले अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प आहे, कारण अमेरिका नेमणुका होऊ देत नाही. त्या भरवशावर ऑर्डर थांबवू नका.

डॉलर संपत आला असा व्हिडिओ पाहिला. रशियाकडून रुपयात पैसे घ्यावेत का? (जळगाव)

घेता येतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये तशी सोय केली. त्यासाठी ग्राहकाच्या बँकेचे इथल्या बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खाते लागते. ते आहे का, आणि ग्राहक किंवा त्याची बँक निर्बंधांच्या यादीत तर नाही ना, हे तुमच्या बँकेच्या फॉरेक्स विभागाला विचारा, व्हिडिओवाल्याला नव्हे.