देवाचं नाव पुढे करणाऱ्यांबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत गांजा पुढे करून मित्र म्हणाला, ‘शंकराचाच प्रसाद हाय की बे, ओढ,’ आणि तुला नाही म्हणता आलं नाही. बरं झालं कळवलंस. पण त्यानं देवाला मध्ये आणलंच आहे, तर आधी देवाचंच बोलू.

ही यात्रा ज्यांची, त्या शिवभक्त सिद्धरामेश्वरांनी १२व्या शतकात आपल्या गावात तळं खोदवलं, ६८ लिंगं स्थापली. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथली तुळशीमाळ गळ्यात पडली की नशापाणी सुटलं पाहिजे, हा दंडक. ही परंपरा तुझ्या मित्राला बरी आठवत नाही!

शिवरात्रीची भांग होतीच, नाकारत नाही. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी यांच्यासोबत गांजाच्याच झाडाची पानं पाट्यावर वाटायची, दुधात कालवून फडक्यातून गाळायची. वर्षातला एक दिवस, आणि पेला भरणारं घरातलं थोरलं माणूस. तीही निर्धोक नव्हेच. पोटातून चढायला अर्ध्यापासून दोन तास लागतात. ‘काहीच होईना’ म्हणून दुसरा पेला घेणारे तिथंच आडवे होतात. पण त्याला काही वेसण तरी होती. तुमच्या कट्ट्यावर ना सण, ना थोरलं माणूस. शिवाय गांजा म्हणजे मादी झाडाचे चिकट, फुलोऱ्याचे शेंडे; पानांपेक्षा जहाल, आणि धूर काही मिनिटांत डोक्यात जातो.

पोलीस प्रसाद वगैरे ऐकून घेत नाहीत. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात नुसती पानं गांजात मोडत नाहीत, शेंडे मोडतात. १ किलोपर्यंतचा साठा ‘अल्प’ धरतात, तरी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. भांगेलाही महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानं परवाना लागतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते, आणि घराण्यात मनाचा आजार असेल तर गांजानं तो उफाळण्याचा धोका वाढतो. मामांचं आजारपण तू जवळून पाहिलंयस.

पुढच्या वेळी ‘मी ओढत नाही’ एवढंच म्हण. देवाधर्माच्या वादात शिरू नकोस, अशांकडे उत्तरं तयार असतात. आणि संध्याकाळ झाली की तल्लफ येत असेल, झोप उडाली असेल, तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन कर, पैसे पडत नाहीत. आधी मला केलास तरी चालेल. गुरुवारी मी घरीच असतो.

तुझा काका